शिट्टी ऐकू आल्यास फोन ठेवावा

जावयाने सासरी जेवावं, दुपारची झोप काढावी, फार तर संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन यावं. काम म्हणून काही करू नये. केलंच तर ते बिघडणार नाही असं करावं. नारळ फोडावा, केळी मोजून आणावीत. हा नियम श्रीशैल सरांना ठाऊक नव्हता असं नाही. पण त्या रविवारी धाराशिवला सासुरवाडीत जेवताना शेंगाच्या पोळीवर तूप जरा जास्तच पडलं होतं, आणि तूप पोटात गेलं की माणसाला आपण कर्तबगार असल्याचा भास होतो.

झालं असं, की त्यांचा मेहुणा डॉक्टर राजशेखर तोंड पाडून बसला होता. वर घर आणि खाली दवाखाना असा त्यांचा संसार. पुण्यातलं एक धर्मादाय हृदयरोग रुग्णालय लहान दवाखान्यांची यादी करत होतं. यादीत नाव आलं, की इथं काढलेला पेशंटचा कार्डिओग्राम पुण्याला पाठवायचा आणि तिथले मोठे डॉक्टर तासाभरात सांगणार, माणूस घरी धाडा की गाडीत घाला. तेरच्या, सास्तूरच्या माणसाला नुसतं 'काही नाही' एवढं ऐकायला पुण्याला जावं लागणार नव्हतं. राजशेखरला ते फार मनापासून हवं होतं. अट एकच, कागद फॅक्सने यायला पाहिजेत. ट्रस्टच्या घटनेत 'समक्ष, टपालाने किंवा फॅक्सने' असं लिहिलेलं होतं, आणि घटना बदलायची तर विश्वस्तांची सभा लागते आणि सभेला कधी गणपूर्ती होत नाही.

"आता फॅक्सचं मशीन कुठनं आणू, दाजी?" राजशेखर म्हणाला. "भंगारात बी मिळंना."

"मशीन कशाला?" श्रीशैल सर चौथी पोळी मोडत म्हणाले. "मी सर्व्हर बसवून देतो."

सर धाराशिवातल्याच ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. शिकवत म्हणजे फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढून त्याच्या भागांना नावं देत, असं त्यांची बायको गायत्री म्हणायची. त्यात खोट एवढीच होती की ते खरं होतं. त्यामुळे 'सर्व्हर' हा शब्द पडताच गायत्रीने आधी नवऱ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं.

सासूबाई मल्लम्मांनी पोळी लाटणं थांबवलं. "सरवर? बँकेत बंद असतंय त्योच का?"

"तो वेगळा, आत्या."

"रेशनच्या दुकानात बी बंद असतंय. तहसीलला बी बंद असतंय. जावईबापू, बंद पडायची वस्तू इकत आणून घरात कशाला ठिवायची?"

धाराशिव जिल्ह्यात सर्व्हर चालू असलेला कुणी पाहिलेला नाही, हे खरंच आहे. पण हे वाक्य भरल्या पंगतीत, वाढप्यांसकट सर्वांनी ऐकलं. त्यात थोरले जावई शांतलिंग यांनी मागं एकदा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बाह्या सारून सासऱ्यांची बोअरची मोटर दुरुस्त केली होती, आणि ती कथा या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी वारंवार सांगितली जाई. सरांनी हात धुतला आणि जाहीर केलं, की डॉक्टरांचं नाव यादीत लागलं नाही तर मी या घरी जेवायला येणार नाही.

"उगं बोलू नका," गायत्री हळूच म्हणाली. "घरचे कबूल करतील."

काम तसं सोपं होतं. कॉलेजने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर, एक जुना मोडेम आणि फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर. फोन वाजला की कॉम्प्युटरने तो उचलायचा, पलीकडून आलेला कागद साठवायचा आणि सरांच्या मोबाइलवर पाठवायचा. उलटही तसंच. मोबाइलवरून कागदाचा फोटो धाडला की कॉम्प्युटर तो फॅक्सने पुढं ढकलणार. मोडेम मात्र मिळता मिळेना. शेवटी तो शेजारच्या औषधदुकानदार शरणबसप्पांच्या माळ्यावर, उंदराच्या पिंजऱ्याखाली सापडला. शरणबसप्पांनी तो फुंकून दिला आणि बदल्यात रोज सकाळी येऊन सल्ला देण्याचा हक्क घेतला.

"सर, याला वेगळी लाइन पायजे," हा पहिला सल्ला. तो बरोबर होता, म्हणून सरांना विशेष राग आला. ते फोनवाल्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी फॅक्स हा शब्द ऐकून आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांना बोलावून 'हे फॅक्स बसवणार आहेत' अशी ओळख करून दिली. तारेची नवी जोडणी आता मिळत नाही, हे सगळ्यात शेवटी सांगितलं. तक्रार असल्यास लेखी द्यावी, किंवा फॅक्स करावी.

म्हणजे राहिला घरचाच जुना फोन. त्याचं एक उपकरण खाली दवाखान्यात, दुसरं वर मल्लम्मांच्या पलंगाशी. वरचं काढू का, असं सरांनी एकदा विचारून पाहिलं.

"त्यो माझ्या म्हायेरचा फोन हाय," मल्लम्मा म्हणाल्या. बसवकल्याणच्या बहिणी त्यांना त्याच्यावरच फोन करत. विषय संपला.

सरांनी चार रिंगांची मुदत ठेवली. चार रिंगांत कुणी उचलला नाही, तर सर्व्हर उचलेल. घरात सर्वांना बसवून समजावलं, की फोन वाजला तर वाजू द्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मराठवाड्यातल्या माणसाला दारात आलेला पाहुणा आणि वाजणारा फोन ताटकळत ठेवता येत नाही. कंपाउंडर बजरंग तर एका हाताने इंजेक्शन देत दुसऱ्या हाताने फोन उचलायचा. "सवय हाय, सर," तो म्हणायचा. "हात आपोआप जातंय." खुद्द डॉक्टर राजशेखर, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, दोनदा टेबल ओलांडून फोनकडे झेपावले.

पुण्याची पहिली चाचणी आली ती दुपारी, दवाखाना बंद असताना. सर मुद्दाम कॉलेज बुडवून सर्व्हरसमोर बसले होते. पहिली रिंग वाजली. दुसरी वाजली. तिसरी वाजली नाही. वरून मल्लम्मांचा लिंगायती नमस्कार ऐकू आला, "शरणार्थी! कोण बोलतंय?"

फॅक्सचं मशीन फोन लावतं तेव्हा बोलत नाही. थांबून थांबून एक 'टूक' काढतं. मल्लम्मांनी ते नीट ऐकून घेतलं.

"उचकी लागली व्हय बाळा? थांब, बोलू नगंस. साखर धर जिबंखाली. कोण आठवण काढतंय बघ. म्हायेरच्यांची नावं घे एकेक. ज्याच्या नावाला थांबंल त्येनं काढली."

सर जिना चढून वर पोचेपर्यंत मल्लम्मांनी पुण्याच्या मशीनला पाणी श्वास कोंडून कसं प्यावं तेही सांगून झालं होतं. "बिचारीची थांबंनाच," त्या रिसीव्हर ठेवत म्हणाल्या. "नाव बी सांगता येईना."

संध्याकाळी पुण्याहून ट्रस्टचे देशमाने नावाचे अधिकारी बोलले. स्वर अत्यंत सभ्य होता, त्यामुळे जास्त लागला. "आपल्या फॅक्स क्रमांकावरून आम्हाला जिभेखाली साखर धरण्याचा सल्ला मिळाला. आमच्याकडे मधुमेहाचा विभाग वेगळा आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी चाचणी घेऊ."

सरांनी तो अपमान गिळला आणि रात्रभर कुढण्याऐवजी एक धाडसी निर्णय घेतला. चार रिंगांऐवजी एकच रिंग. म्हणजे कुणाचा हात पोचायच्या आधीच सर्व्हर फोन उचलणार आणि आपली कर्कश शिट्टी सोडणार. पेशंटसाठी बजरंगचा मोबाइल नंबर द्यायचा. बसवकल्याणच्या मोठ्या मावशींना हा बदल कळवायचा राहिला. त्यांनी कानाला शिट्टी बसताच गायत्रीला मोबाइलवर फोन करून विचारलं, "तुमच्या घरात भरदुपारी शिट्ट्या कोण मारतंय गं?" मल्लम्मा दोन दिवस जावयाशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलल्या.

पण जुना नंबर पंचक्रोशीत लोकांना तोंडपाठ. ते फोन करायचे राहिनात. म्हणून सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पाटी लिहून दवाखान्याच्या दारावर लावली. शिवाय तोच मजकूर बजरंगला पाठ करायला लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची ताकीद दिली. शिट्टी ऐकू येत नसेल तर मशीन बंद पडलंय, ते डॉक्टरांना कळावं, असा त्यामागचा स्वच्छ तांत्रिक विचार होता. पाटी अशी होती:

'दवाखान्याच्या नंबरवर फोन केल्यास शिट्टी ऐकू येईल. शिट्टी ऐकू आल्यास फोन ठेवावा. ऐकू न आल्यास डॉक्टरांना भेटावे.'

ही पाटी आपण पुन्हा एकदा वाचावी. सरांनी वाचली नाही.

बुधवारपासून फोन एकसारखा वाजू लागला. एक रिंग, शिट्टी, खट्. एक रिंग, शिट्टी, खट्. सरांना वाटलं, पुण्याची चाचणी सुरू झाली. शुक्रवारी तेरचे कोंडीराम आजोबा नातसुनेला घेऊन दवाखान्यात आले आणि बजरंगच्या तोंडाजवळ कान नेऊन ओरडले, "मला आली न्हाय ओ!"

"काय आली न्हाय?"

"शिट्टी! आमच्या आळीत समद्यांला आली. म्हातारीला आली. मलाच न्हाय आली!"

हळूहळू उलगडा झाला. डॉक्टरांनी कान तपासायचं नवं मशीन आणलंय, तपासणी घरबसल्या आणि फुकट, अशी बातमी तेरच्या बसमधून सुटली होती आणि आता लोहाऱ्यापर्यंत पोचली होती. लोक ओट्यावर बसून, स्पीकर बंद ठेवून, एकेक कान लावत होते. उजवा पास झाला की फोन ठेवून पुन्हा लावायचा, डाव्यासाठी. एका बचत गटाने तर सभेत विषयच घेतला होता.

राजशेखरने कोंडीराम आजोबांच्या कानात पाहिलं. आत वर्षानुवर्षांचा मळ होता. पाणी मारून तो काढला, बजरंगने नंबर लावून दिला, आणि आजोबा शिट्टी ऐकताच दचकून इतके आनंदले की त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. "सर, लई पुण्याचं काम केलं. पांडुरंगाची टाळी ऐकू यायची न्हाय ओ मला. घरचे बोलायचे ते बी न्हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना खरं सांगवेना. त्यांनी नम्रपणे मान झुकवली आणि म्हणाले, "आमचं कर्तव्यच आहे."

"आता काढा की ती पाटी," गायत्री म्हणाली. सरांनी काढली. पण काढलेली पाटी कुणी वाचत नाही, आणि सांगितलेली गोष्ट कुणी विसरत नाही. आजोबांचा कान उघडल्याची वार्ता पसरली आणि फोन दुप्पट वाढले. अशात दुसऱ्या चाचणीचा दिवस आला आणि गेला. देशमाने संध्याकाळी बजरंगच्या मोबाइलवर सरांशी बोलले. दिवसभर लाइन व्यस्त होती.

"एवढा लहान दवाखाना, आणि इतके फोन?" ते म्हणाले. "शेवटची संधी देतो. येत्या तीस तारखेला, अकरा ते पाच. फॅक्स मिळाला पाहिजे, आणि त्यावर डॉक्टरांची सही होऊन तो पाचच्या आत परत आला पाहिजे. नाहीतर यादी बंद."

सरांनी कॅलेंडर पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. त्या दिवशी येळवस होती.

पुण्याच्या कॅलेंडरात ती नुसती मार्गशीर्ष अमावस्या असते. इकडं तिला येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी अख्खा जिल्हा घरांना कुलपं लावून रानात जातो. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो मित्राच्या. बाजार बंद, रस्ते ओस. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि पालेभाज्या-डाळींची घोटलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे यांवर आडवा हात मारायचा.

"साहेब, त्या अमावस्येला इथं कुणीच नसतं," सर काकुळतीने म्हणाले.

"म्हणजे अमावस्येला तुमच्याकडे काम होत नाही?" देशमाने म्हणाले. पलीकडे कुणीतरी हसल्याचं सरांना स्पष्ट ऐकू आलं.

सरांनी ठरवलं, आपण एकटे घरी बसायचं. मल्लम्मांना हे कळताच त्यांनी तिसरा माणूस दूर सारून थेट तोंड उघडलं. "येळवसीला जावई कुलपाच्या आत ठिवून आमी रानात जेवायचं? लोक तोंडात शेण घालतील. ते काय जमायचं न्हाय."

"आणि तो सर्व्हर माणूस राखणीला बसवूनच चालणार असेल," गायत्रीने भर घातली, "तर त्याला सर्व्हर कशाला म्हणायचं? त्याला गुरं म्हणा."

हे मात्र वर्मी लागलं. एक सच्चा कॉम्प्युटर शिक्षक म्हणून सरांना ते पटलंही. त्यांनी इन्व्हर्टरची तार कॉम्प्युटरला जोडली, सगळं दोनदा तपासलं, मोडेमला मनोमन हात जोडले, आणि येळवसीच्या सकाळी स्वतःच्या हाताने घराला कुलूप लावलं. शरणबसप्पा दुकानाचं शटर ओढत म्हणाले, "सर, माझा सल्ला ऐका. नवस बोला."

तेरच्या अलीकडे नदीकाठी मल्लम्मांचं रान. ज्वारी कंबरेच्या वर आलेली, करडई काटे काढून उभी, हरभऱ्याला घाटे धरलेले. माणसंच माणसं. सरांचं कशातच लक्ष नव्हतं. मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या मातीच्या ढिगावर येत होती. नवाकोरा पांढरा सदरा घालून सर त्या ढिगावर उभे राहिले. खालून जाणारे पाहुणे विचारायचे, "जावई असे वर का हुभारले?" आणि मल्लम्मा सांगायच्या, "त्येंचं सरवर हाय."

अकरा वाजले, बारा वाजून गेले. कोपीत पूजा झाली. मडक्यात आंबील भरली गेली. सरांच्या डोळ्यांपुढे बंद घर आलं, आत वाजणारा फोन आला. आणि तिथेच, त्या ढिगावर, त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज फोन वाजला तर उचलायला कोण आहे? मल्लम्मा इथं. बजरंग त्याच्या मामाच्या रानात. डॉक्टर इथं, भज्जी ढवळतोय. आणि ज्यांचे कान तपासायचे ते सगळेच्या सगळे आंबील पीत बसलेले! वर्षातून हा एकच दिवस असा, की धाराशिवात एक फोन कुणाचा हात न लागता सुखाने वाजू शकतो. पुण्याच्या माणसाने नकळत पंचांग पाहून मुहूर्त काढून दिला होता.

मोबाइल थरथरला. पडद्यावर कागद उमटला, ट्रस्टच्या शिक्क्यासकट. एक रेष वाकडी नाही, एक अक्षर पुसट नाही.

"आला!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या रानातले लोक साप निघाला समजून काठ्या घेऊन उठले.

राजशेखर धावत आला. कागदावर प्रश्न होते, दवाखान्याची वेळ, कार्डिओग्राम कोण काढतो, खाली सही. पण हा कागद छापायचा कुठे? कोऱ्या कागदाची रानात वानवा. शेवटी उंड्यांच्या टोपलीखाली घातलेला लग्नपत्रिकेचा पाठकोरा पुठ्ठा मिळाला. सरांनी त्यावर एकेक प्रश्न सुवाच्य उतरवला, राजशेखरने बैलगाडीच्या जुवावर ठेवून उत्तरं लिहिली आणि सही ठोकली. पुठ्ठ्याला तेल लागलं होतं, त्याला इलाज नव्हता. सर पुन्हा ढिगावर चढले, फोटो काढला, सर्व्हरला धाडला. आता धाराशिवच्या कुलूपबंद घरात मोडेम पुण्याला फोन लावत असणार, एकटाच, शहाण्यासारखा.

सारं रान वर बघत होतं. कुणी जेवेना.

फोन आला तो देशमान्यांचा. "फॅक्स मिळाला. सही आहे. तेलाचा डाग कसला हो?"

"भज्जीचा," सर म्हणाले.

"अच्छा. डॉक्टरांना सांगा, यादीत नाव घेतलं. उद्यापासून कागद पाठवा. पण तुम्ही तर म्हणाला होतात, आज तुमच्याकडे कुणी काम करत नाही."

सरांनी छाती भरून रानाची हवा घेतली. आयुष्यात असं वाक्य तोंडी यायची संधी माणसाला एकदाच मिळते. "आम्ही नाहीच करत, साहेब. आमचा सर्व्हर करतो."

राजशेखरने सरांना ढिगावरून उतरू दिलं नाही, तिथंच मिठी मारली. दोघं मातीसकट घसरत खाली आले. पदर डोळ्यांना लावून गायत्री हसत होती. फळ्यावरच्या चित्राबद्दल ती काही बोलली नाही.

मल्लम्मा पुढं आल्या. "म्हंजे घरात कुणी नसताना त्येनं काम केलं?"

"हो, आत्या."

"बंद न्हाय पडलं?"

"नाही पडलं."

मल्लम्मांनी जावयाला खालून वरपर्यंत न्याहाळलं, सदऱ्यावरच्या मातीसकट. जेवणाआधी रानाला चर शिंपायची राहिली होती. आंबिलीचं मडकं घेऊन रानाला फेरा घालायचा आणि पिकावर शिंपडत जायचं. तो मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. सासरे गेल्यापासून तो राजशेखरचा. त्याने सवयीने हात पुढं केला. मल्लम्मांनी तो बाजूला सारला, मडकं उचललं आणि सरांच्या खांद्यावर ठेवलं.

"चला जावईबापू," त्या म्हणाल्या. "औंदा तुमी पुढं व्हा."

सर पुढं झाले. मागून डॉक्टर, त्याच्यामागे सारी माणसं ललकाऱ्या देत निघाली. मडकं काठोकाठ भरलेलं होतं आणि सरांना असल्या कामाची सवय नव्हती. प्रत्येक पावलाला आंबील हिंदकळून मानेवरून नव्या सदऱ्यात उतरत होती. गायत्री मागून सांगत होती, अहो, सदरा खराब होतोय, जरा तिरकं धरा. सरांनी मडकं अजिबात तिरकं धरलं नाही. ते सरळ ताठ चालत राहिले.